कानशिलावर मोडलेली बोटं

१

हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा होतो. सकाळचा भोंगा आमच्या शाळेची प्रार्थना बुडवायचा. मध्यरात्रीचा मला झोपेत कळत नसे. मधला, चारचा, तेवढा माझा होता. तो झाला की हातातलं काम बाजूला सारायचं, चष्मा कोनाड्यात ठेवायचा आणि आतल्या अरुंद खोलीत जाऊन कडी लावून घ्यायची, हे मी कितीतरी वर्षं करत आलो होतो.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यातली. कोपरगावजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीत मी राहत होतो. सकाळी तिथल्याच शाळेत मराठी शिकवायचं आणि दुपारी थोडंफार लिहायचं, असा माझा दिवस असे. घर कौलारू, नीटनेटकं. पुढे पडवी, मधे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर. बसायच्या खोलीला लागून ती अरुंद खोली. तिला खिडकी नव्हती. उजेडासाठी कौलांत एक काचेचं कौल बसवलेलं होतं.

भोंगा विरतो न विरतो तोच माझ्या उजव्या डोळ्याची पापणी जड होऊन खाली यायची. त्याच डोळ्यातून पाणी, त्याच नाकपुडीतून पाणी. डावी बाजू कोरडी ठणठणीत. मग डोळ्याच्या मागे कोणीतरी गिरमिट फिरवायला लागायचं. बसवत नसे, पडवत नसे. भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायचं, भिंतीला कपाळ टेकवायचं, वळायचं, पुन्हा चालायचं. तासाभराने कुणी दिवा मालवावा तसं ते थांबायचं. दिवाळीच्या सुमाराला सुरू होऊन संक्रांतीपर्यंत हे रोज चाले, आणि मग उरलेलं वर्षभर मी निरोगी माणूस असे.

त्या तासात मला जवळ कोणी सहन होत नसे. मालन, माझी बायको, दाराबाहेर थांबायची. मी आत चालायचो, ती बाहेर. ती गेली, काविळीने. त्या दिवाळीत तिला जाऊन दोन वर्षं होत होती.

ती गेल्यावर तिची आई छबूबाई पाथर्डीकडून एक गाठोडं घेऊन आमच्याकडे आली. मालन माझ्या सख्ख्या मामाची मुलगी, त्यामुळे ही बाई आधी माझी मामी आणि मग सासू. आठ दिवसांसाठी आली ती राहिलीच. मलाही ते बरं वाटलं. तिच्या हातची बाजरीची भाकरी आणि तिच्या तोंडचे टोमणे दोन्ही ताजे असायचे.

"जावई," चारच्या आधी ती मला विचारायची, "आज हजेरी भरायची का दांडी मारायची?"

"माझ्या हातात असतं तर जन्माची दांडी मारली असती, मामी."

"मंग जा. मी हाय हितंच."

मी खोलीत जायचो. ती पडवीत बसून डाळ निवडायची. आमच्या दोघांच्या दुःखाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तशी गरजही पडली नाही.

२

कारखान्याच्या दवाखान्यात त्या वर्षी नवे डॉक्टर आले. राहुरीकडचे, आबासाहेब त्यांचं नाव. सगळे त्यांना आबासाहेब डॉक्टरच म्हणत. मी त्यांच्याकडे गेलो तो खोकल्यासाठी. बोलता बोलता कपाळाचा विषय निघाला.

"आत्तापर्यंत काय काय केलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. एकाने चष्मा बदलून दिला. एकाने नाक धुवायला लावलं. नगरला एकाने वरची दाढ काढली. दाढ गेली, दुखणं राहिलं. गावाकडे सगळे अर्धशिशी म्हणतात.

"अर्धशिशी नाही ही," डॉक्टर म्हणाले. "अर्धशिशीचा माणूस अंधारात पडून राहतो, हलला की त्याला वाढतं. तुम्हाला पडवतं का?"

"नाही."

"चालता ना?"

"चालतो."

"एकच डोळा गळतो, पापणी पडते, घड्याळ लावल्यासारखी वेळ आणि वर्षातला ठरावीक हंगाम." ते बोटांवर मोजत होते आणि मोजता मोजता खुश होत होते. "गुरुजी, तुमचं दुखणं पुस्तकात आहे. केळीला कसा घड लागतो, एका दांड्याला लगडून, तशी ही दुखणी लगडून येतात. घड उतरला की झाड मोकळं. का येतात ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. डोळ्यामागच्या रक्तवाहिन्या फुगतात एवढं दिसतं."

आपलं दुखणं पुस्तकात आहे हे ऐकून मला किती बरं वाटलं, हे ज्याला कुणी वेडगळ समजलेलं नाही त्याला कळणार नाही. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. हंगामात तंबाखू नको, दारू तर थेंबभरही नको, असं बजावलं. तंबाखू मी सोडली. गोळ्यांनी मळमळ झाली आणि फरक बेताचाच पडला.

"मग प्राणवायू देऊन बघू," ते म्हणाले. "एका जुन्या लेखात वाचलंय. चटकन देता आला तर दुखणं पाव तासातसुद्धा उतरतं म्हणतात."

"वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची सिलिंडरं आहेत," मी म्हणालो.

"ती तिथंच राहू द्या. तुमचं डोकं सांधायचं आहे, उसाची गाडी नाही."

३

दवाखान्याचं सिलिंडर हातगाडीवरून आमच्या घरी आलं. ते मामीच्या डोक्याइतकं उंच होतं. डॉक्टरांनी ते बसायच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला दोरीने बांधून उभं केलं.

"ह्यो उभा मानूस कोन आनलाय?" मामीने विचारलं.

"आजी, यात हवा आहे. दुखणं आलं की गुरुजींनी ती ओढायची."

"हवा काय भायेर कमी हाय व्हय?"

"ही गाळलेली आहे. आणि एक सांगतो, हे चालू असताना घरात जाळ नको. चूल विझवायची, काडी ओढायची नाही."

"मंग तुमचा चहा?"

"चहा मागून."

म्हणून त्या दिवशी चारच्या आत चूल विझली आणि घरात कधी नव्हती एवढी शांतता झाली. स्वयंपाकघरातला खडखडाट नाही, जाळाचा आवाज नाही. भोंगा झाला. पापणी खाली आली. मी सवयीने अरुंद खोलीकडे वळलो, तर डॉक्टरांनी दंड धरून मला खुर्चीवर बसवलं. "पुढे वाका. कोपर गुडघ्यावर." त्यांनी रबरी मास्क माझ्या नाकातोंडावर बसवला.

"मुसकं घातलं का माज्या बैलाला," मामी म्हणाली. "आता खळ्यावर न्या."

मी हसलो असतो, पण गिरमिट फिरायला लागलं होतं. मी डोळे मिटले. वायूचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आवाज, सापाने फुत्कार टाकावा आणि तो संपूच नये असा. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग माझ्या कपाळावर दोन तळहात आले. मामीचे. मास्कच्या पट्ट्यावरून, गालांवरून हनुवटीपर्यंत ते सावकाश उतरले आणि दूर झाले. लहान पोरावरून हात उतरवून त्याची इडापिडा आपल्यावर घेतात, तसे. पुढे काय येणार हे मिटल्या डोळ्यांनीही कळत होतं. घेणारीने आपल्या कानशिलांवर बोटं टेकवून मोडायची.

बोटं मोडली. सुक्या तुरीच्या शेंगा उन्हात तडतडाव्यात तशी, स्वच्छ, एकामागून एक, दोन्ही हातांची.

आणि दुखणं थांबलं.

मी डोळे उघडले. मामी माझ्या पाठीमागे उभी होती. डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते आणि परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखे दिसत होते.

"उतरलं?"

मी मान हलवली. त्यांनी सिलिंडरची चावी बंद केली. मग आम्ही चूल पेटवली आणि चहा केला. चहा घेताना डॉक्टर तीन वेळा म्हणाले, "पुस्तकात आहे हे." त्यांना जेवढा आनंद झाला होता, तेवढा मला होण्याची हिंमत होत नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी चारचा भोंगा झाला आणि दुखणं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"घड उतरला," डॉक्टर म्हणाले. "यंदा लवकर उतरला. सिलिंडर राहू द्या, लागलं तर असावं."

ते दिवस फार चांगले गेले. दुपारी जेवून मी पडवीत आडवा व्हायचो. रस्त्याने उसाच्या बैलगाड्या जायच्या, मळीचा आंबूस वास यायचा. पाथर्डीकडची तोडीला आलेली माणसं जाताना दिसली की मामी त्यांना हाक मारून गावची खबर विचारायची. मी लिहायलाही लागलो होतो. कैक वर्षांत या हंगामात चार वाजल्यानंतर मी काही लिहिलेलं नव्हतं.

अशाच एका दुपारी मामी लसूण सोलत बसली होती आणि कुरकुरत होती. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात त्यांच्या हवेने दुखणं गेलं. मला वाटतं तुमच्या बोटांनी. काय आवाज झाला हो मामी. सगळी मोडली, एक चुकलं नाही."

तिने लसूण खाली ठेवला.

"माजी?"

"मग कोणाची?"

तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. सांधे सुजून बोटं कुपाटीच्या काटक्यांसारखी वाकडी झाली होती. "मूठ बी वळत न्हाई माजी. दोन पावसाळे झालं. ह्या लसणाची कुडी सोलता येत न्हाई मला, आन् बोटं कुटून मोडत्याल? हात फिरवला तुमच्यावरनं, कानशिलाला लावला, एवढंच. मोडली न्हाईत म्हून तर मला रुखरुख लागली हुती."

"मी ऐकली."

"ती हवा वाजली आसंल," असं म्हणून ती पुन्हा लसणाकडे वळली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ऐकली तर मी बी. मला वाटलं डाक्टरनं मोडली."

मी उठून सिलिंडरपाशी गेलो. डॉक्टरांनी चावी फिरवली तेव्हा तिचाच तो आवाज आला असणार. मी चावी उघडून बघितली, मिटून बघितली. ती तेल घातल्यासारखी मुकाट फिरत होती. शिवाय चावी दुखणं थांबल्यावर फिरवली होती आणि आवाज आधी आला होता, हेही मला तेव्हाच आठवलं. मग मी असं ठरवलं की वायू सुटताना धातू गार पडतो, गार पडला की आवाज करतो. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, करतो. मी तिथेच थांबलो. आणखी विचारलं नाही.

५

त्यानंतर एका दुपारी चारचा भोंगा झाला तेव्हा मी पडवीत पडलो होतो. अर्धवट झोप होती. आतून कोणी चालत असल्याचा आवाज येत होता आणि तो इतका ओळखीचा होता की मी बराच वेळ त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. फरशीवर अनवाणी पावलं. मग थांबणं. मग भिंतीला कपाळ टेकल्याचा बारीकसा ठोका. मग वळून पुन्हा पावलं.

हे सगळं मी ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की मी पडवीत आहे.

मी मामीकडे पाहिलं. ती समोरच होती, सुपात बाजरी घेऊन. सूप हलत नव्हतं.

मी उठून आत गेलो. अरुंद खोलीचं दार लोटलेलं होतं. मी त्याला कान लावला. मला त्या खोलीचा प्रत्येक हात माहीत होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला मला जेवढी पावलं लागत, त्याहून या चालणाऱ्याला जास्त लागत होती. छोटी पावलं, कमी उंचीच्या माणसाची. मी दार ढकललं. आवाज थांबला. खोलीत माझी खाट, पुस्तकांची पेटी, फरशीवर काचेच्या कौलातून पडलेला कवडसा. बाकी काही नव्हतं.

मी दार ओढून घेतलं. चालणं पुन्हा सुरू झालं.

उंदीर कपाळ टेकत नाहीत. शेजारच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून नव्हती. कारखान्याची यंत्रं चालू झाली की जमीन थरथरते हे खरं, पण ती चोवीस तास चालू असतात. त्यांना वळायचं काही कारण नाही. मी एकेक कारण काढत होतो आणि टाकत होतो. सगळी टाकून झाल्यावर मला कळलं की आपण मालन जिथे थांबायची तिथेच उभे आहोत, दारापासून तेवढ्याच अंतरावर, आणि तिच्याप्रमाणेच आपल्यालाही करण्यासारखं काही नाही.

तासाभराने ते थांबलं. दिवा मालवावा तसं.

६

"ती हाय," रात्रीच्या भाकरी थापायच्या आधी, संध्याकाळच्या उजेडातच मामीने विषय काढला. एरवी ती आढेवेढे घेणारी नव्हती, पण हे बोलताना तिने परातीतल्या पिठाकडेच बघितलं. "तुमचं दुखनं घेतलंय तिनं. माज्या हाताला जमलं न्हाई ते तिनं केलं."

"मामी, असं नसतं."

"नसतं तर नसूं दे. मंग चालतंय कोन?"

मी पाण्याचा तांब्या तिच्या परातीशी सरकवला.

"जितेपनी तुमी तिला आत येऊ दिलं न्हाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पाऊस पडला न्हाई म्हणावं तसं ती म्हणाली. "आता तिला कोन अडवतंय. पर माजी लेक हाय ती. मेल्यावर तरी तिला दुखू ने."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि मामी पदर खोचून त्या खोलीत गेली. दार तिने उघडं ठेवलं. मी बाहेरून बघत होतो. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, हवेत दोन्ही हात उंच करून, आपल्यापेक्षा थोड्या उंच माणसाच्या कपाळाला लावावेत तसे. ते खाली आणले. कानशिलावर टेकवले आणि दाबले. पुन्हा दाबले. तिचं तोंड वेदनेने वाकडं झालं, पण बोटं वाजली नाहीत. तिने परत हात उचलले. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. शेवटी मी तिला धरून बाहेर आणलं. दार लोटलं की पावलं सुरूच.

"माजी मोडत न्हाईत," ती म्हणाली. पदराखाली दोन्ही हात चोळत होती. "तुमची मोडतील."

"पुरुषांनी कधी मोडलीत का?"

"मोडत न्हाईत. मोडता येत न्हाईत आसं कुटं हाय?"

"आणि मोडली तर?"

"तर तुमचं तुमाला माघारी." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मी सांगत न्हाई, राधाकिसन. तुजं दुखनं मी बघितलंय. कुनाला घे म्हनावं आसं न्हाई ते. मी आपली तिची आई म्हून बोलले."

लग्न झाल्यापासून तिने मला अरेतुरे केलं नव्हतं.

७

पुढचे काही दिवस मी चारच्या आधीच घराबाहेर पडू लागलो. गोदावरीच्या काठाकाठाने चालत जायचो, मळ्यातून पेरू विकत घ्यायचो, पाण्यात पाय सोडून बसायचो. भोंगा तिथेही ऐकू यायचा, पण लांबून, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा. माझं डोकं हलकं होतं. मला भूक लागत होती. खरं सांगायचं तर मी सुखात होतो. यात खोटं काही नाही आणि वाईटही काही नाही: दुखत नसलं की माणूस सुखात असतो.

एकदा पाण्यात ऊन चमकत होतं ते बघत बसलो असताना मनात आलं, हे किती छान आहे हे मालनला सांगायला हवं. आणि लगेच दुसरं आलं, की या घटकेला तिला काही सांगण्यात अर्थ नाही. त्या तासात माणसाला काही ऐकू येत नाही. तिने मला बाहेरून कितीदा काय काय सांगितलं असेल, मला एक शब्द आठवत नव्हता.

मी उठलो. घरी पोचलो तेव्हा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता. मामी पडवीत बसली होती. मी चष्मा कोनाड्यात ठेवला.

दार उघडून आत गेलो आणि या वेळी मामीसारखा लगेच मधे गेलो नाही. पाठीने दार लोटलं आणि थांबलो. आधी सगळं शांत. हिवाळ्यात त्या वेळेला काचेच्या कौलाचा कवडसा समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी येतो. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो विझला. आणि पुन्हा लागला. ढग असेल म्हणून मी वाट पाहिली. तो पुन्हा विझला, पुन्हा लागला. ढगाच्या सावलीला अशी कड नसते. भिंतीला बारीक ठोका. मग कवडसा विझला, लागला.

मी त्या वाटेवर जाऊन उभा राहिलो. चालणं माझ्यासमोर येऊन थांबलं.

मालन माझ्या खांद्याला लागायची. मी त्या अंदाजाने हात पुढे केले. हवेत हात धरून उभं राहिलेल्या माणसाला स्वतःची जेवढी लाज वाटावी तेवढी मला वाटली. मग तळहात कोमट झाले. मी ते खाली आणले, कपाळावरून, डोळ्यांवरून, गालांवरून, मामीने माझ्यावरून आणले होते तसे. उजवा तळहात कोरडा राहिला. डावा ओला झाला.

डावा का, असं मला क्षणभर वाटलं. माझं दुखणं उजव्या बाजूचं. मग उलगडा झाला: समोरासमोर उभं राहिलं की दुसऱ्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते.

मी बोटं कानशिलांवर टेकवली आणि मोडली. ती मोडली.

पापणी खाली आली. गिरमिट आपल्या जुन्या भोकात बसलं. मी चालायला लागलो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि उघड्या राहिलेल्या डाव्या डोळ्याला कवडसा दिसत होता. मी आडवा गेलो की तो विझायचा, एरवी अखंड होता.

८

"घड उतरला म्हणालो होतो मी," दुसऱ्या दिवशी आबासाहेब डॉक्टर म्हणाले. ते जरा नाराज दिसत होते. "एवढं अंतर पडून परत येत नाही सहसा."

"सहसा नसेल येत," मी म्हणालो.

"आणि तुम्ही इतके आनंदात कसे?"

"सिलिंडर भरलेलं आहे म्हणून."

ते खरंच होतं. दुखणं माझं होतं, औषध ठरलेलं होतं, हंगाम संक्रांतीला संपणार होता. डॉक्टरांना आपली पद्धत पुन्हा एकदा घड्याळ लावून तपासायची होती म्हणून ते मुद्दाम चारला आले होते. मामीने चूल विझवली. अरुंद खोलीचं दार सताड उघडं होतं. तिथे आता काहीही वाजत नव्हतं. मामी घोंगडी अंथरून त्या दाराच्या तोंडाशी बसली. हात मांडीवर एकात एक धरलेले.

भोंगा झाला. मी पुढे वाकलो, कोपर गुडघ्यावर टेकले. गिरमिट फिरायला लागलं आणि वायूचा तो न संपणारा फुत्कार सुरू झाला. डॉक्टर माझ्याशेजारी उभे राहून घड्याळ बघत होते.

दुखणं उतरू लागलं तेव्हा मी डोळे उघडले. मामीने गुडघे जवळ ओढून घेतले होते. ती सरकत भिंतीला गेली आणि अर्धी घोंगडी मोकळी झाली.

"नको आजी," डॉक्टर म्हणाले, "मी उभाच बरा आहे."

मामीने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बस आता गं," ती म्हणाली. "लई चाललीस."

डॉक्टर घड्याळातून मान वर करून तिच्याकडे, मग माझ्याकडे बघू लागले. मी मास्कमधून संथ श्वास घेत होतो. घोंगडीच्या मोकळ्या बाजूला लोकरीची एक जाड वळी उभी राहिली होती. ती हळूहळू सपाट झाली.